टोकियोत चीनच्या व्हॉलीबॉल पोरींचं नेमकं काय बिनसलं? इंदूरच्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरात व्हॉलीबॉल मन लावून बघणारे मराठी लोक तसे मोजकेच, पण रविवारी पोह्यांवर जीरावन भुरभुरवून बसले की आवाज पन्नास जणांचा होतो. आणि विषय कुठूनही निघू दे, गाडी येऊन थांबते २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकवर, म्हणजे चीनची महिला टीम ग्रुपमधूनच घरी गेली त्यावर. तेच प्रश्न, तीच भांडणं, आणि दर वेळी नवीन आलेल्या कोणाला तरी पहिल्यापासून सांगत बसायचं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. पटलं तर घ्या, नाही तर रविवार आहेच.

आधी थोडक्यात सांगा, झालं काय होतं?

चीन रिओ २०१६ चा गोल्ड मेडलिस्ट म्हणून टोकियोत उतरला. २५ जुलैला पहिलीच मॅच तुर्कीशी, ०-३ ने गेली (२१-२५, १४-२५, १४-२५, म्हणजे दुसऱ्या नि तिसऱ्या सेटमध्ये खेळ असा झालाच नाही). मग अमेरिकेशी ०-३. मग रशियाशी पाच सेट खेळून २-३. त्यानंतर इटली आणि अर्जेंटिना दोघींना ३-० धुतलं, पण तोवर उशीर झाला होता. सहा टीमच्या ग्रुपमध्ये पाचवा नंबर आणि पुढे जाणार चार. १९८४ पासून चीनच्या पोरी ऑलिम्पिक खेळतायत, पहिल्या आठांत नसायची ही पहिलीच वेळ.

टीम खरंच एवढी भारी होती का, की उगाच हवा केली होती?

हवा नव्हती हो. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये अकरा मॅच खेळल्या आणि अकराच्या अकरा जिंकल्या, यापेक्षा अजून काय पुरावा पाहिजे. कॅप्टन झू टिंग, उंची १.९८ मीटर, रिओची एमव्हीपी (स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू), आणि टोकियोच्या उद्घाटनाला चीनचा झेंडा धरणाऱ्या दोघांपैकी एक. कोच लांग पिंग, जिला लोक 'लोखंडी हातोडा' म्हणायचे, १९८४ मध्ये खेळाडू म्हणून गोल्ड आणि २०१६ मध्ये कोच म्हणून गोल्ड, व्हॉलीबॉलमध्ये हे तिच्याआधी कोणालाच जमलं नव्हतं. मधल्या काळात ती अमेरिकेचीही कोच होती बरं का, २००८ ला बीजिंगमध्ये तिच्या अमेरिकेने ग्रुपमध्ये चीनलाच हरवलं नि शेवटी सिल्व्हर नेलं. म्हणजे हरणं-जिंकणं दोन्ही बाजूंनी बघितलेली बाई.

पाचातल्या दोनच जिंकल्या म्हणजे पार भंगार खेळल्या ना?

इथेच सगळे घसरतात, म्हणून हे जरा शांतपणे वाचा.

रिओचा ग्रुप आठवा. नेदरलँड्सशी २-३ हरल्या, सर्बियाशी ०-३ हरल्या, अमेरिकेशी १-३ हरल्या, इटली आणि पोर्तो रिको यांना ३-० मारलं. किती झालं? दोन विजय, तीन पराभव. पॉइंट किती? ३-० किंवा ३-१ ने जिंकलं की तीन, २-३ ने हरलं तरी एक, म्हणजे ३ अधिक ३ अधिक १, सात. आता टोकियो मोजा. दोन विजय, तीन पराभव, पॉइंट सात. तेच! अगदी तसंच्या तसं. एका वेळी सात पॉइंटवर ग्रुपमध्ये चौथ्या आल्या आणि पुढे जाऊन गोल्ड घेऊन आल्या, दुसऱ्या वेळी सात पॉइंटवर पाचव्या आल्या आणि बॅगा भरल्या.

आमच्यात रामबागेतले एक काका आहेत, शाळेच्या वयापासून व्हॉलीबॉल खेळलेले, त्यांना हे कागदावर मांडून दाखवलं तर म्हणाले "मग रिओला पण भंगारच खेळल्या म्हण की." म्हणा ना, माझी हरकत नाही, फक्त दोन्हीकडे एकच माप लावा. रिओ झालं की 'काय जिगर आहे' आणि टोकियो झालं की 'डोक्यात हवा गेली', असं कसं चालेल.

मग रिओत निभावलं आणि टोकियोत नाही, असं का?

पहिलं कारण खालच्या टीम. रिओत इटलीने एकच मॅच जिंकली, पोर्तो रिकोने एकही नाही, त्यामुळे दोन विजयांत चौथा नंबर आरामात मिळाला. टोकियोत अर्जेंटिना एकटी शून्यावर राहिली आणि अमेरिका चार, इटली तीन, तुर्की तीन, रशिया तीन. दोन विजयवाल्याला जागाच उरली नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रिओत पुढे गेल्यावर त्या किती कमी फरकाने जिंकल्या ते लोक विसरून गेलेत. क्वार्टर फायनलला समोर ब्राझील, घरच्या मैदानावर, लागोपाठ दोन ऑलिम्पिक गोल्ड खिशात आणि ग्रुपमध्ये एकही सेट न गमावता आलेली टीम. चीनने पहिला सेट १५-२५ घालवला आणि पाचवा १५-१३ ने काढला. सेमीफायनलला नेदरलँड्स: २७-२५, २३-२५, २९-२७, २५-२३. चारही सेट दोन-दोन पॉइंटवर! फायनलला सर्बियाशीसुद्धा पहिला सेट गेलाच होता. अशा वेळी २३-२३ ला बॉल कोणाकडे जायचा? झू टिंगकडे. सेटरने (म्हणजे मारणारीला बॉल उचलून देणारीने) डोळे मिटून चार नंबरला, म्हणजे नेटजवळ डाव्या बाजूला, उंच उचलायचा आणि ती काहीतरी करणार, आख्ख्या टीमचा विश्वास त्या एका हातावर होता.

टोकियोत तो हातच नव्हता.

मनगटाचं दुखणं खरं होतं की हरल्यावर सुचलेला बहाणा?

खरं होतं. उजव्या मनगटाचं जुनं दुखणं होतं आणि मॅचमध्ये जाड पट्टी बांधलेली टीव्हीवर सरळ दिसत होती. इटली आणि अर्जेंटिनाविरुद्ध तर ती खेळलीच नाही.

पण "मनगट दुखतंय तर काय झालं, खांद्याने मार ना" असं म्हणणारे भेटतात, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो. बायकांचं नेट २.२४ मीटर उंच आणि पलीकडचा कोर्ट फक्त ९ मीटर लांब. एवढ्या उंचीवरून पूर्ण ताकदीने मारलेला बॉल ९ मीटरच्या आत पाडायचा तर शेवटच्या क्षणाला मनगट बॉलवरून खाली झटकावं लागतं, त्यानेच बॉलला पुढची फिरकी लागते नि तो खाली बसतो. ताकद खांदा आणि पाठीतून येते हे मान्य, पण ती कोर्टात उतरवायचं काम मनगटाचं. तो झटका दुखायला लागला की हिटरपुढे दोनच रस्ते राहतात: तसाच मारायचा आणि बॉल एंड लाइनच्या बाहेर, नाहीतर हात सैल सोडून प्लेसिंग करायचं, टिप टाकायची (बोटांनी हलकेच पलीकडे ढकलायचा). आणि टिप टाकली की मागच्या डिफेन्सला जो अर्धा सेकंद जास्त मिळतो ना, तुर्की-अमेरिकेसारख्या टीमला तेवढा बास होतो.

वर ब्लॉकचं, म्हणजे नेटवर हात धरून समोरचा फटका अडवण्याचं, वेगळंच. समोरून सुटलेला बॉल थेट हातावर बसतो, दुखऱ्या मनगटाने तिथे हात घट्ट कोण ठेवणार. आमच्या ग्राउंडवर साधं बोट मुरगळलं तर पोरं महिनाभर नेटजवळ जायला तयार नसतात!

मग लांग पिंगने तिला आधीच का नाही बसवलं?

यावर आमच्यात उभे दोन तट आहेत आणि मिटायची आशा नाही.

एक तट म्हणतो, इटलीविरुद्ध झूशिवाय ३-० जिंकल्या म्हणजे हे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं. दुसरा तट म्हणतो, शहाणपण नंतर सगळ्यांना येतं, ऑलिम्पिकच्या पहिल्या मॅचला कॅप्टनला, ती पण जगातली एक नंबरची हिटर, कोण बाहेर बसवेल? मी स्वतः मधला. तुर्कीविरुद्ध खेळवणं ठीक. पण त्या मॅचमध्ये १४-२५ दोनदा बघितल्यावर अमेरिकेविरुद्ध दुसरा प्लॅन तयार पाहिजे होता, आणि तो तयार नव्हता हीच खरी तक्रार आहे. एकीच्या हातावर टीम उभी केली की ती एक जायबंदी झाल्यावर काय, याचं उत्तर कोचकडे टूर्नामेंटला निघायच्या आधी असायला हवं. जुनं दुखणं होतं, अचानक आभाळातून पडलं नव्हतं.

हां, एक गोष्ट कोचच्या बाजूने. कोरोनामुळे ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं आणि २०२० ची नेशन्स लीग रद्द झाली, त्यामुळे त्या वर्षी मोठ्या टीमशी खेळून नवीन कॉम्बिनेशन तपासायला मिळालंच नाही. आता कोणी म्हणेल की ते सगळ्यांनाच होतं. हो, होतं. पण युरोपातल्या पोरी निदान आपापल्या क्लबकडून एकमेकींशी वर्षभर भिडत होत्या.

तुर्कीच्या कोचला आधीपासून सगळं माहीत होतं म्हणतात, ते काय?

ही माझी आवडती गोष्ट आहे, मुद्दाम कोणीतरी विचारावं म्हणून मी वाट बघत असतो. तुर्कीचा तेव्हाचा कोच इटलीचा जोव्हानी गुइडेटी. तोच इस्तंबूलच्या वाकिफबँक क्लबचाही कोच, आणि झू टिंग २०१६ ते २०१९ तिकडेच त्याच्या हाताखाली खेळली. म्हणजे ती कुठून पळत येते, दमली की कुठे मारते, कशाने चिडते, हे सगळं त्याने तीन वर्षं रोज प्रॅक्टिसमध्ये बघितलेलं.

आता पुढचं ऐका. रिओत चीनची पहिली मॅच कोणाशी होती? नेदरलँड्स. २-३ हरल्या. नेदरलँड्सचा कोच कोण होता? हाच भिया! दोन ऑलिम्पिक, दोन्हीकडे चीनची पहिली मॅच आणि दोन्हीकडे समोरच्या बाकावर हा माणूस. आता त्याच्या माहितीमुळेच तुर्की जिंकली असं मी म्हणणार नाही, सर्विस एवढी कडक होती की चीनचा पहिला पासच (सर्विस उचलून सेटरकडे देणं) नीट बसत नव्हता, पण झूला कुठे ब्लॉक लावायचा हे सांगायला त्याला व्हिडिओ बघत बसायची गरज नव्हती एवढं नक्की.

अमेरिकेची मॅच तर अटीतटीची होती ना?

स्कोअर ०-३ दिसतो पण पहिला सेट २७-२९ होता. तो सेट आला असता तर वगैरे वगैरे. जॉर्डन थॉम्पसनने एकटीने ३४ पॉइंट काढले तीन सेटमध्ये, त्याला काय करणार, कधी कधी समोरच्याचा दिवस असतो.

शेवटच्या दोन मॅच जिंकून पण बाहेर कशा? हिशोब कळत नाही.

व्हॉलीबॉलमध्ये टेबल लावताना आधी किती मॅच जिंकल्या ते बघतात, मग पॉइंट, मग सेटचा रेशो (जिंकलेले सेट भागिले हरलेले सेट). ३१ जुलैला चीनने इटलीला हरवलं तेव्हा आशा होती. पण त्याच दिवशी रशियाने अमेरिकेला ३-० आणि तुर्कीने अर्जेंटिनाला ३-० मारलं. रशियाचे तीन विजय झाले, तो विषय संपला. तुर्कीचे दोन विजय, सात पॉइंट. चीनने शेवटची मॅच ३-० जिंकली तरी दोन विजय, सात पॉइंट, बरोबरी. मग सेट मोजायचे: तुर्की शेवटची मॅच ०-३ हरली असती तरी तिचे सेट ९-९, चीनचे जास्तीत जास्त ८-९. संपलं. एका सेटने! म्हणजे अर्जेंटिनाविरुद्धची मॅच खेळायच्या आधीच चीन बाहेर होता, लांग पिंगची शेवटची मॅच ही अशी, कशालाच न लागणारी. तरी ३-० जिंकल्या, ते मला आवडलं.

रशियाशी अमेरिका मुद्दाम हरली का, चीनला काढायला?

नाही हो. त्या मॅचमध्ये थॉम्पसनचा घोटा दुखावला. स्वतःची मुख्य हिटर जायबंदी करून कोण मुद्दाम हरतं? हा प्रश्न परत विचारू नका.

इटलीविरुद्ध एकदम बदलल्यासारख्या कशा खेळल्या?

ली यिंगयिंग. २००० साली जन्मलेली, डावखुरी, आणि डावखुरी असून चार नंबरवरून मारते, त्यामुळे ब्लॉकचा अंदाज चुकतो. झू नसल्यावर बॉल तिच्याकडे जायला लागले नि तिने ते घेतले. शिवाय एक गोष्ट, झू कोर्टावर असली की सेटरचा हात आपोआप तिच्याकडेच वळायचा, ती नसल्यावर बॉल मधल्या हिटरला, मागच्या रांगेतून, सगळीकडे वाटला गेला, समोरच्यांना वाचता येईना. आमच्यातली एक ताई कॉलेजकडून सेटर खेळायची, ती म्हणते की टीममध्ये मोठी प्लेयर असली की सेटरवर न बोलता दबाव असतो, तिला बॉल नाही दिला आणि पॉइंट गेला तर सगळे तुझ्याकडेच बघतात. हे टीव्हीवर दिसत नाही, पण मला तिचं म्हणणं पटतं.

पण यावरून 'झू नकोच होती' असं काढू नका. इटलीवर तेव्हा दबाव नव्हता, त्यांनी पहिल्या तिन्ही मॅच जिंकलेल्या होत्या.

त्या ग्रुपमधल्या बाकीच्यांनी पुढे काय दिवे लावले?

अमेरिकेने गोल्ड घेतलं, फायनलला ब्राझील ३-०. बाकी तिघी, इटली, तुर्की, रशिया, क्वार्टर फायनलमध्येच गारद. उलट रिओत चीनच्या ग्रुपमधल्या चारही टीम सेमीफायनलला पोचल्या होत्या. म्हणून 'मरणाचा ग्रुप' वगैरे बोलताना जरा जपून.

फॉर्मॅटच चुकीचा होता का?

सगळ्यांना तोच होता. पॅरिसला बदलला, चार-चारचे तीन ग्रुप केले. पुढचा प्रश्न.

पॅरिसला तरी सुधारल्या का?

सुधारल्या आणि परत रडवलं. २०२४ ला कोच काई बिन, झू टिंग टीममध्ये परतलेली, ग्रुपमध्ये अमेरिकेला ३-२ हरवलं, फ्रान्स-सर्बियालाही हरवलं, सगळे खूश. क्वार्टर फायनलला समोर कोण? तुर्की. २-३. मेलिसा व्हार्गासने ४२ पॉइंट मारले. आणि ही व्हार्गास चीनमध्ये तियानजिन क्लबकडून खेळलेली, ली यिंगयिंगच्या शेजारी! आधी झूचा कोच, मग लीची क्लबमधली जोडीदार. तुर्कीकडे चीनच्या घरातलं कोणी ना कोणी असतंच.

आपण चीनचं एवढं कौतुक कशाला करून राहिलो?

खेळ बघतोय, जमीन देत नाहीये.

आणि आपल्या मुलींचं काय?

हा प्रश्न आला की टेबलावर शांतता. भारताची व्हॉलीबॉल टीम, मुलांची असो की मुलींची, ऑलिम्पिकला आजवर गेलेली नाही. एशियन गेम्समध्ये पुरुषांची तीन मेडल आहेत, १९५८ चं ब्रॉन्झ, १९६२ चं सिल्व्हर, १९८६ चं ब्रॉन्झ, आणि बायकांचं एकही नाही. २०१९ ला काठमांडूत साउथ एशियन गेम्सचं गोल्ड जिंकल्या, नेपाळला त्यांच्याच घरी हरवून, त्याची चर्चा आमच्या टेबलावर सुद्धा पाच मिनिटं झाली असेल. प्राइम व्हॉलीबॉल लीग २०२२ ला सुरू झाली ती फक्त पुरुषांची. मग नॅशनल टीमकडून आपण कोणत्या तोंडाने अपेक्षा करायची? चीन हरला तर आपण मनगटापासून सेटच्या रेशोपर्यंत चिरफाड करतो, आपल्या टीमचं हरणं तेवढं बघतो का कधी, स्कोअर तरी शोधतो का. इंदूरात जुनी मंडळी अजून होळकर टीमच्या चार रणजी ट्रॉफ्या तारखेसकट सांगतात, कारण ती टीम लोकांनी डोळ्यांनी बघितली होती. बायकांची व्हॉलीबॉल मॅच बघायला किती जण गेलोय, हात वर करा. काकांनी केला होता, पण ते अंपायरला शिव्या द्यायला गेले होते.

मी नवीन आहे, कुठून बघायला सुरुवात करू?

टोकियोची तुर्की मॅच आधी बघू नका, मूड जातो. आधी रिओची ब्राझील क्वार्टर फायनल बघा, पूर्ण पाच सेट, हायलाइट नाही. मग टोकियोची अमेरिका मॅच, निदान पहिला सेट. दोन्हीकडे स्कोअर वीसच्या पुढे गेला की बॉलकडे बघू नका, चीनची सेटर कोणाकडे उचलतेय तेवढंच बघा. रशियाची मॅच शेवटी, आणि ती बघून झाली की रविवारी या, तुम्ही कुठल्या तटात ते तिथे ठरवू. पोह्यांचे पैसे नवीन माणसाने द्यायचे असतात.